पाणी चौथ्या पायरीवर

शिवगंगा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तो उन्हाळा शहाऐंशी सालचा. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष सरत आलं होतं आणि पावसानं सलग दोन वर्षं दडी मारली होती. नव्या जिल्ह्यानं निलंग्याच्या पुढच्या त्या गावाला दोन गोष्टी पाठवल्या. एक पाण्याचा टँकर. तो दिवसाआड यायचा. दुसरी, पोरांसाठी कादंबऱ्यांची पेटी. ती एकदाच आली आणि शिवगंगाच्या बापाच्या, धोंडप्पाच्या घरी उतरली.

त्याला कारण सिंधूबाई. त्या शाळेत शिकवायच्या आणि संध्याकाळी प्रौढांचा वर्ग घ्यायच्या. साठीत पाटी धरलेला धोंडप्पा त्यांचा सगळ्यात थोराड विद्यार्थी. सुटीत गावी जाताना त्यांनी पेटीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"अप्पा, दहा-बारा वर्षांची पोरं येतील. ज्याला जे मजेचं वाटेल, ते पुस्तक सांगायचं. वहीत प्रत्येक पुस्तकापुढं एक ओळ लिहायची. सात जूनला पेटी परत जाणार."

"म्या सांगू? बाई, मला एक पान सरायला दिवस लागतो."

"मग एक तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचा. तुमचा निकाल मी त्यावर लावीन."

धोंडप्पानं किल्ली करदोड्याला बांधली. आयुष्यात एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आपलं आपण वाचायचं, ही त्याची किती दिवसांची आस होती. पण पोरं दुसऱ्या दिवशीच दारात आली, आणि पेटीत तीस पुस्तकं. तेव्हा त्यानं एक तोड काढली. पुस्तक मधेच उघडायचं, बोट फिरवत न्यायचं आणि 'पाणी' हा शब्द सापडतो का बघायचं.

"अप्पा, मजेचं कोणतं?"

"ह्ये ने. पान बाराला हीर हाय. पोहरा टाकला की खळ्ळकन वाजतो."

"आन् ह्ये?"

"ठिव ते. वाळवंट हाय त्यात. घरचं काय कमी हाय का?"

"मग ह्ये चोराचं?"

"चोर नुसता पळायलाय. कुठं थांबून घोटभर पीत न्हाई. वाचणाराचा गळा सुकतो."

पोरं त्याच्या शब्दावर पुस्तकं नेत आणि परत आणताना म्हणत, "गार होतं, अप्पा."

एक पुस्तक मात्र त्यानं कुणाला दिलं नाही. त्यात मोठा पूर होता, आणि देवळाच्या शिखराला धरून बसलेली दोन भावंडं होती. ते तो रोज दिवस कलताना शिवगंगाच्या आईला, सिद्धम्माला वाचून दाखवी. ती दम्यानं बाजेला लागलेली. तिचं माहेर मांजरेच्या काठावर. भाऊ वारल्यापासून तिला न्यायला तिकडून कुणी मुऱ्हाळी आला नव्हता. लहानपणी नदी तिथल्या महादेवाच्या पायऱ्या चढून यायची, ते ती अजून सांगायची. संध्याकाळ झाली की विचारी, "अवो, आज पानी कुठवर आलं?"

धोंडप्पाला मनात वाचणं जमत नव्हतं. मोठ्यानं म्हटल्याशिवाय अक्षर त्याला खरं वाटत नसे. विसाव्या पानावर एक अख्खं वाक्य त्यानं प्रथमच न अडखळता म्हटलं: "पाणी देवळाच्या चौथ्या पायरीवर आलं!" स्वतःचंच कौतुक वाटून तो उभा राहिला आणि दुसऱ्यांदा म्हणाला. तिसऱ्यांदा ओरडला.

भिंतीपलीकडं केवळाबाई ज्वारी पाखडत होती. पाण्याबद्दल माणूस तीनदा कशाला खोटं बोलेल? तिनं सूप टाकलं, घागर उचलली आणि देवळाकडं धूम ठोकली.

त्या गावचा तेव्हाचा एक रिवाज होता. रिकामी घागर घेऊन कुणी पळताना दिसलं, की कुठं म्हणून विचारायचं नाही; विचारण्यात नंबर जातो. आपणही पळायचं. घटकाभरात महादेवापुढं दीडशे घागरी लागल्या. चौथ्या पायरीवर कुणाची ठेवायची, यावरून दोन जावांचं भांडण झिंज्यांपर्यंत गेलं. तेवढ्यात वीरण्णा ड्रायव्हर पुढच्या गावाचा टँकर घेऊन चालला होता. त्यानं रांग पाहिली, आपलाच वार चुकला असं समजला आणि तिथंच नळी सोडली. पहिली भरली ती चौथ्या पायरीवरची घागर.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव धोंडप्पाच्या अंगणात.

"अगं, ते बुकातलं पानी व्हतं," धोंडप्पा काकुळतीला आला.

"बुकातलं का असंना, आलं न्हवं?" केवळाबाई म्हणाली. "आज पाचवी पायरी वाचा."

मागोमाग पुढच्या गावची माणसं काठ्या घेऊन आली. "आमचं पानी वाचून घेतलं म्हणं कुणी? कोण हाय त्यो?" त्यांना खाली बसवून चहा द्यायला पाणी नव्हतं, म्हणून एक पान ऐकवलं. काठ्या मांडीवर ठेवून ती तिथंच बसली आणि रोज येऊ लागली. वीरण्णाही टँकर बाभळीखाली लावून बसायचा. चाकाखाली पाणी ठिबकत राही आणि एकही बाई उठत नसे. ऐकणारे वाढले तसं धोंडप्पाचं वाचन सुधारलं. रोजची पाच-सहा पानं होऊ लागली.

सहा जूनला शेवटचं प्रकरण उरलं. त्यानं बोट ठेवून नाव वाचलं: "पूर ओसरतो."



"त्ये वाचू नगा!" केवळाबाई उठलीच. "एवढं आलेलं घालवता का?"

"मग त्या लेकरांचं काय झालं?" वीरण्णा कळवळला.

"बसू दे की शिखरावर. पडत्यात का काय?"

धोंडप्पाला चारच पानं हवी होती. चार पानं, की त्याचं एक पुस्तक पुरं. त्यानं बाजेकडं पाहिलं. सिद्धम्मा शिवगंगाचा आधार घेऊन उठून बसली होती.

"तुमाला लई वाचावं वाटतंय, ठावं हाय मला," ती म्हणाली. "पर ऱ्हाऊ द्या. माज्या माहेरचं पानी हाय ते. पायरीवर ऱ्हाऊ द्या तेवढं."

त्यानं पुस्तक मिटलं.

सात जूनला सिंधूबाईंनी वही उघडली. त्या पुस्तकापुढं मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'मजेचं हाय. उन्हाळ्यात वाचावं. शेवटलं परकरन लेकरांनी वाचावं.'

"आणि तुम्ही, अप्पा? चार पानांसाठी नापास व्हायचं?"

"व्हतो नापास, बाई," धोंडप्पा म्हणाला आणि करदोड्याची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली.

पुढं वाचनालय झालं, तेव्हा ते पुस्तक पुन्हा गावात आलं. पोरांना तो तेच सांगायचा, पण त्यानं स्वतः ते कधी उघडलं नाही. सिद्धम्मा त्याआधीच, शहाऐंशीच्या कार्तिकात, सोमवारी सकाळी वारली.