तमाम तब्येतीचा माणूस

इस्माईलभाईंसारखा कॉफी पिणारा माणूस मी रुस्ताकमध्ये दुसरा पाहिला नाही. इथं कुणाही ओमानी माणसाच्या बैठकीत गेलात की आधी खजूर येतो आणि मग चिमुकल्या कपातून बिनदुधाची, बिनसाखरेची वेलदोड्याची कॉफी येते. कप रिकामा झाला की यजमान पुन्हा भरतो. पुरे झालं असेल तर मनगट हलवून कप जरासा नाचवायचा आणि परत द्यायचा, असा रिवाज आहे. इस्माईलभाई कप नाचवत नसत. भरला की प्यायचे. आमच्या अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, त्यांनी एकदा अकरा कप रिचवले होते. अर्बाब खूश झाला आणि मी मात्र पुढे वर्षभर त्यांची टिंगल करत होतो की, भाई, तुम्हाला बोलवायचं तर आधी विहीर खणायला पाहिजे. ते आपले हसायचे.

इस्माईलभाई रत्नागिरीकडचे. वय साठीच्या अलीकडे, मिशी कातरलेली, शर्ट कडक, अत्तर शेजाऱ्यालाही पुरेल एवढं. एका बांधकाम कंपनीत ते सेंटरिंगचे सुतार होते. सात वर्षांपूर्वी परांचीवरून पडले, उजवा खांदा आणि हात जायबंदी झाला. कंपनीनं महिन्याला अपंगत्वाचा भत्ता लावला आणि स्टोअरमध्ये बसायचं हलकं काम दिलं. हात थोडा अधू आहे एवढंच मला ठाऊक होतं. तो कायम पँटच्या खिशात असे, आणि मला तो त्यांचा रुबाब वाटायचा.

कसे आहात असं विचारलं की त्यांचं एकच उत्तर, ‘तमाम’. इथल्या अरबीत तमाम म्हणजे एकदम ठीक. ताप असला तरी तमाम, पगार लांबला तरी तमाम. दुसऱ्याला शिंक आली तर मात्र हा माणूस काढ्याची कृती सांगत मागे लागायचा. दवाखान्याच्या रांगेत धडधाकट माणसाला स्वतःची खुर्ची द्यायचा. दर शुक्रवारी नमाज झाल्यावर दुपारी ते आमच्या घरी येत. दोन तास गप्पा, बायकोच्या कंबरदुखीवर नवं तेल, माझ्या वजनावर टोमणे. पण जेवायला बसा म्हटलं की जेवून आलोय म्हणायचे. बायको फारच मागे लागली तर म्हणायचे, "वहिनी, डब्यात द्या. तुमच्या हातचं मी निवांत खाणार." आम्ही त्याला लाजाळूपणा समजत होतो.

मी इथल्या बाजारात इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान सांभाळतो, पण माझी खरी ख्याती अर्ज लिहिण्याची. व्हिसा, शाळेची फी, भाड्याचं भांडण, काहीही असो, आपल्याकडची मंडळी माझ्याकडे येतात. इस्माईलभाई मला वकीलसाहेब म्हणत, आणि मला ते आवडत असे हे कबूल केलेलं बरं.

गेल्या वर्षी कंपनीची जुनी भत्त्याची योजना बंद करायचं ठरलं. तिच्या जागी विम्याची नवी योजना येणार होती. ज्यांचा जुना भत्ता चालू आहे त्यांनाच नवीनमध्ये घेणार, आणि त्याआधी सगळ्यांची पुन्हा तपासणी होणार. इस्माईलभाई सहम नावाच्या गावी जाऊन तपासणी करून आले, आणि महिन्यानं पत्र आलं की हा गृहस्थ कामास पूर्ण समर्थ आहे, भत्ता बंद, हलकं काम बंद. म्हणजे एक तर पुन्हा परांचीवर चढा, नाहीतर कायमचे गावी जा. गावी बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. भाऊ होता आणि भावाच्या घराची ओटी होती.

सहमला झालं काय, ते मी खोदून खोदून काढलं. डॉक्टर ओमानी, वयस्कर, चांगल्या चालीरीतीचा. त्यानं इथल्या पद्धतीनं आधी सगळी विचारपूस केली. कसे आहात, घरचे कसे आहेत, तब्येत कशी, हात कसा? या मुलुखात या प्रश्नांना, डोक्यावरचं छप्पर उडालेलं असलं तरी, आधी सगळं छान आहे असंच म्हणायचं असतं. तक्रार मागाहून, दोन कप झाल्यावर. इस्माईलभाई प्रत्येक प्रश्नाला तमाम म्हणाले. मग कॉफी आली. डाव्या हातानं कप घेणं वाईट दिसतं, म्हणून उजव्यानं घेतला. तक्रारीची वेळ आली तेव्हा त्यांनी डॉक्टरच्या गुडघ्याची चौकशी केली. निघताना तिथला पाण्याचा मोठा बाटला डाव्या खांद्यावर घेऊन मशीनवर चढवूनही दिला. हे सगळं अहवालात ओळीनं लिहिलेलं होतं.

"तुम्ही तब्येत दाखवायला गेला होतात की सोयरीक जमवायला?" मी म्हटलं.

"अरे, एवढा मोठा माणूस प्रेमानं विचारतो," ते म्हणाले, "आणि मी त्याच्यापुढं रडगाणं लावू?"

दोन कागद एकाच वेळी पाठवायचे होते. निर्णयाविरुद्ध अपील, आणि नव्या योजनेत जाण्याचा फॉर्म. अपील मी झोकात लिहिलं. फॉर्म त्यांनी स्वतः भरून आणला. त्यात ‘सध्याची प्रकृती’ या रकान्यात डाव्या हाताच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘अल्लाच्या कृपेनं उत्तम’. एका पाकिटात दोन कागद, एक म्हणतो मी अपंग, दुसरा म्हणतो मी पैलवान. मी कपाळावर हात मारला आणि नवा फॉर्म आणला.

मग अपीलवाल्यांनी आणखी एक कागद मागितला. अर्जदाराचं रोजचं जगणं कसं चालतं, हे जवळून पाहणाऱ्या माणसाचं लेखी निवेदन. इस्माईलभाई म्हणाले, "तूच लिही. तुझ्याइतकं जवळचं कोण आहे मला?" मी पेन घेऊन बसलो आणि लक्षात आलं, की मला काहीच माहीत नाही.

म्हणून एका शुक्रवारी, ते नमाजाला गेलेले असताना, मी त्यांच्या कंपनीच्या खोलीवर गेलो. तिथं महाडचे बाबूराव गवंडी त्यांच्याबरोबर राहतात. बाबूरावांनी सगळं सांगितलं. शर्टाची बटणं रोज सकाळी बाबूराव लावून देतात. बाबूरावांना स्वतःला लवकर साइटवर जायचं असलं की इस्माईलभाई आदल्या संध्याकाळीच कडक शर्ट चढवून, बटणं लावून घेऊन झोपतात. उजवा हात तोंडापर्यंत जात नाही, आणि डाव्या हातानं जेवायचं नाही हा हट्ट, म्हणून ते तोंड ताटापर्यंत नेतात, आणि ते कुणी पाहू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसतात. कॉफी पिताना गुडघ्यावर कोपर टेकवतात. मनगट तर वळतच नाही.

मला ते अकरा कप आठवले. नको असलेली कॉफी तो माणूस निमूट पीत होता आणि मी टाळ्या पिटत होतो.

शरमेनं मी लगेच ते निवेदन इंग्रजीत लिहिलं. एकही गोष्ट सोडली नाही. बायकोनं टाईप केलं, टाईप करताना डोळे पुसले. इस्माईलभाईंना मात्र मी ते वाचून दाखवलं नाही. साधं पत्र आहे म्हणालो. दाखवलं असतं तर त्यांनी निम्मं खोडलं असतं, हे खरं. पण खोडायचा हक्क त्यांचाच होता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

सुनावणी राजधानीत, कुरुमला होती. टेबलामागे तीन माणसं. निवेदन मलाच वाचायला सांगितलं. बटणं, भिंत, ताट, सगळं मी खणखणीत आवाजात वाचलं. वाचताना, खोटं कशाला बोलू, इंग्रजी काय जमून आलंय असंही एकदा वाटलं. मधल्या साहेबांनी एकेक मुद्दा हिंदीत सांगून विचारलं, हे सगळं खरं आहे का? मला वाटलं, आता हा माणूस तमाम म्हणणार. इस्माईलभाईंनी जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाले, "सच है."

अपील मंजूर झालं. नवी योजना लागू झाली, स्टोअरचं काम टिकलं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही त्यांना मुद्दाम जेवायला बोलावलं. बायकोनं फार मायेनं तयारी केली होती. सुरमईचे काटे काढून ठेवले होते, भाकरीचे तुकडे केले होते, खोलगट ताटली ठेवली होती आणि बाजूला मोठा चमचा. जेवणाचं टेबल सोडून त्यांच्यापुरतं ताट ठेवायला उंच स्टूल मांडलं होतं, वाकावं लागू नये म्हणून. ते दारातून आत आले, त्यांनी ते स्टूल पाहिलं. बसले. सगळं जेवले. "वहिनी, फार छान झालंय," म्हणाले. त्या दिवशी कुणाच्या कंबरेची किंवा वजनाची चौकशी झाली नाही.

त्यानंतर ते आले नाहीत. कधी काम, कधी पाहुणे, कधी नुसतं फोन न उचलणं. शेवटी मीच त्यांच्या स्टोअरमध्ये गेलो. माझं चुकलं असेल तर स्पष्ट बोला म्हणालो.

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "तो कागद नसता तर मी आज भावाच्या ओटीवर असतो. तुझे उपकारच आहेत."

"मग येत का नाही?"

ते हातातली यादी उगाच खालीवर बघत राहिले. "खोलीवर सगळ्यांना माहीत आहे. साइटवर माहीत आहे. गावी फोन केला तर भाऊ पहिलं हाताचंच विचारतो. एक तुझंच घर होतं जिथं मी पहिल्यासारखा होतो. वहिनी मला तेल विचारायची, तू माझी टिंगल करायचास. त्या दोन तासांसाठी मी आठवडा काढायचो."

जगभराचे अर्ज लिहिणाऱ्या मला, माफ करा एवढंही नीट म्हणता आलं नाही. या शुक्रवारी या, एवढं म्हटलं. ते इन्शाल्ला म्हणाले, वहिनीला सलाम सांग म्हणाले.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय म्हणाले भाई. मी सलाम सांगितला. बाकीचं तिला अजून सांगितलेलं नाही.