चाळिशीतली निवृत्ती

ऑफिसात त्यांना 'अचूकराव' म्हणत, कारण दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली चूक ते डोळे मिटून काढत आणि वर तासभर व्याख्यान देत. त्या दिवशी बारापर्यंत साहेबांनी हेड ऑफिसला शिफारस पाठवली की त्यांची बढती नक्की. नाहीतर थेट पुढच्या वर्षी. बायकोने सकाळीच बजावलं होतं, "आज तरी जास्त शहाणपणा करू नका."

पण वाट बघताना हात शिवशिवले, म्हणून त्यांनी निवृत्तीचं नवं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला एक तुकडा, चालवून पाहिलं. त्याला कर्मचाऱ्यांची यादी दिली की ते साठीच्या पुढच्यांना निवृत्त करी. चाचणीपुरते त्यांनी साठाचे चाळीस केले. अशा वेळी फंक्शनला यादीची नक्कल द्यायची असते. मग त्याने तिच्यात हवा तो धुडगूस घालावा. अचूकरावांनी खुद्द यादीच त्याच्या हवाली केली. स्वतः अडतिसाचे, म्हणून ते तेवढे वाचले.

पाचच मिनिटांत टेस्टिंगच्या मॅडम तरातरा आल्या. "अहो, मी एक्केचाळीसची, आणि मला निरोपाचं पत्र आलंय! साहेब तर बाहेर जिन्यात अडकलेत. त्यांचं कार्डच चालेना. आपण दार उघडावं, तर आपल्या कार्डावर दुसऱ्याला आत घ्यायचं नाही, हा नियम त्यांचाच!"

अचूकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कानाला खडा लावला: यापुढे नकलेशिवाय कशालाही हात लावायचा नाही. यादीची नक्कल काढून त्यांनी दुरुस्तीच्या फंक्शनला दिली. स्क्रीनवर सगळे पुन्हा नोकरीत! ते काचेच्या दाराशी धावले. "साहेब, या आता!"

साहेबांनी कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. पुन्हा लालच.

"अहो, तुम्ही नक्कल दुरुस्त केलीत," मॅडम कपाळावर हात मारून म्हणाल्या. "खरी यादी आहे तश्शीच आहे. आत्ता द्यायची होती खरी!"

खरी यादी दुरुस्त होऊन दार उघडेपर्यंत सव्वाबारा झाले. साहेब मात्र हसतच आत आले, तेव्हा अचूकरावांचा जीव भांड्यात पडला.

"घाबरू नका हो. जिन्यात बसल्या बसल्या फोनवरून तुमची शिफारस पाठवली. साडेअकरालाच."

"फार उपकार झाले, साहेब!"

"ऐका तर. ती लगेच परत आली. निवृत्त माणसाची सही चालत नाही म्हणे." साहेबांनी फोन पुढे केला. "इतकं काटेकोर तपासणारं हे लिहिलंय तरी कुणी?"

अचूकरावांनी मान खाली घातली. सही तपासणारं ते फंक्शन त्यांचंच होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती.