सुकाणू बेपत्ता

‘शब्दाचं कुळ चेहऱ्यावरून ओळखणारी माणसं जगात दोनच,’ साहेब म्हणायचे, ‘आणि दुसरा अजून जन्मायचाय.’ दारावरच्या पाटीवर नुसतं ‘कोशसंपादक’ होतं. ‘शब्दगुप्तहेर’ ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती, आणि टंकलेखिकेला ती दिवसातून चारदा ऐकावी लागे.

आज मात्र तिला हसू येत नव्हतं. दर्यावर्दी शब्दांचा कोश चार वाजता छापखान्यात जायचा होता, आणि ‘सुकाणू’चं कार्ड खणात नव्हतं. कार्ड नाही तर शब्द नाही, हा कार्यालयाचा नियम. त्या कार्डावर अर्थाखाली तिच्या वडिलांचं एक वाक्य होतं, आणि वाक्याखाली त्यांचं नाव. चाळीस वर्षं गलबतावर घालवलेल्या माणसाचं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं. ते वाक्य साहेबांनी स्वतः घरी जाऊन टिपून आणलेलं, तिने अजून वाचलंही नव्हतं.

‘तुम्हाला ते वाक्य आठवतं का?’ तिने विचारलं.

‘मला फक्त व्युत्पत्ती आठवते. सुकाणू मूळचा अरबी, सुक्कान. इथे येऊन नाव बदलून राहिला. अशी माणसं एक दिवस फरार होतातच.’

‘साहेब, ते कार्ड आहे.’

‘पण खण कशाने उघडला? चावीने. चावी कुणाची? पोर्तुगीजांची.’ साहेबांनी पोर्तुगीज शब्दांचा खण टेबलावर उपडा केला. ‘हे बघ. साबण, बादली. पुरावा धुऊन टाकलाय. आता सांग, या इमारतीत साबण आणि बादली दोन्ही कुणाकडे असतात?’

सफाईवाल्या मावशींना समोर बसवण्यात आलं.

‘साबण कुठे आहे?’ साहेबांनी डोळे बारीक करून विचारलं.

‘संपलाय. आठवडा झाला, तुम्हालाच सांगतेय,’ मावशी म्हणाल्या आणि फडकं उचलून चालत्या झाल्या.

सव्वातीन वाजले. टंकलेखिकेने आईला फोन लावला.

‘आई, बाबांना जरा बेताने सांग. त्यांचं नाव येणार नाही. कार्ड हरवलंय.’

‘ते पिवळं? यांच्या खिशात आहे की.’

ज्याचं वाक्य, त्याला कार्ड पाठवून सही घ्यायची, ही कार्यालयाची पद्धत. साहेबांनी पंधरा दिवसांपूर्वी ते स्वतः पोस्टात टाकलं होतं आणि साफ विसरले होते.

‘सही केव्हाच केली,’ आई म्हणाली, ‘पण हातातून सुटेल तर शपथ. न्हाव्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना वाचून दाखवून झालं. आता रस्त्यावर अनोळखी माणसं थांबवतात. तुला मात्र सांगू देत नव्हते. छापून आल्यावर दाखवणार होते म्हणे.’

फोनला कान लावून बसलेल्या साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. ‘म्हणजे पोर्तुगीज निर्दोष आहेत.’

तिला हसावं की रडावं कळेना. ‘बाबांना दे फोन.’

‘कार्ड मिळणार नाही,’ बाबा म्हणाले. ‘हवं तर लिहून घे. सुकाणू धरलं की मला लाटा ऐकू येतात, बायको नाही.’

‘मला इथे सगळं ऐकू येतंय,’ मागून आई म्हणाली.

बाबा खाकरले. टंकलेखिकेने नव्या कार्डावर वाक्य टाइप केलं. ‘आता नाव सांगा.’

‘बापाचं नाव माहीत नाही तुला?’

‘माहीत आहे. तुम्ही सांगा.’

बाबांनी आपलं नाव, आजोबांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. तिने न चुकता टाइप केलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं, आणि तिनेही त्यांना थांबवलं नाही.