इंगोले सरांची अकोल्यातली साखर

इंगोले सर स्वतःची साखर अकोल्याला तपासतात. म्हणजे सर राहतात अमरावतीत, राजापेठेत, माझ्या शेजारी. सुई टोचली जाते ती अकोल्यातल्या त्यांच्या जुळ्या भावाला, सुधाकररावांना! रिपोर्ट बरा आला, की सर इकडे जिलबी खातात.

"अहो, असं कुठं असतं का?" इंगोलेकाकू कपाळावर हात मारून घेतात.

"कावून नसते? जुळे आहो आमी!"

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि प्रयोगशाळेत कांद्याच्या पापुद्र्याआड काय दडलंय ते शोधतात. काकूंचे निम्मे कांदे त्यातच गेले. घरात संत्रंसुद्धा सरळ सोलता येत नाही. "थांबा! आत पाहू द्या!" म्हणत सर टॉर्च घेऊन धावतात.

एकदा मला गच्चीवर धरलंच. "मास्तर, स्फटिकात लेझर सोडला, का एका प्रकाशकणाचे दोन होतात. जुळे! एकमेकात गुतलेले. एक पापुद्र्यात धाडाचा, दुसरा कॅमेऱ्यात."

"मग फोटो पहिल्याचा ना?"

"त्याले कोणी पकडतच नाही! जो पापुद्र्याच्या वाटेले गेला नाही, त्याच्यावरून आतलं चित्र निंगते. तुमी समजून नाही राहिले!"

मी मराठीचा मास्तर. मला काय डोंबल समजणार? पण सर असे नाचत होते, की मीही टाळ्या पिटल्या.

यंदा सुधाकररावांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. तरी सर दर रविवारी अकोल्याला जाऊन भावाच्या वतीने बोलायचे: "याले पंखा नको", "याले दाढी कराची हाय". सगळे हसायचे, पण बरोबर निघायचं.

मग एका सकाळी सुधाकररावांच्या सुनेचा फोन आला. मामंजींनी जेवण सोडलं होतं. मऊ अन्न गिळता येत होतं, पण तोंडच उघडत नव्हते. आज नाही खाल्लं, तर डॉक्टर नाकातून नळी घालणार होते.

मी गाडी काढली. सर मांडीवर टॉर्च घेऊन बसले. कशाला, देव जाणे! मूर्तिजापूर गेलं तरी माणूस टॉर्च नुसता चालू-बंद करत होता. मला भीतीच वाटली.

अकोल्यात सून वरणभाताची वाटी घेऊन रडकुंडीला आली होती. सुधाकररावांचे ओठ घट्ट मिटलेले. सर भावाकडे पाहत राहिले आणि एकदम म्हणाले, "सूनबाई, मले भूक लागली. ताट आण."

मला असा संताप आला! भाऊ अन्नावाचून चाललाय आणि या गृहस्थाला जेवायचंय?

ताट आलं. सरांनी वरणभात मऊ कालवला. "आई आमाले एकाच ताटात वाढे. पयला घास माहा, मंग याचा. वाटीतलं एकटं कसं खाईन थो?"

त्यांनी घास खाल्ला. सुधाकररावांची नजर त्यांच्या तोंडावर खिळली. सरांनी दुसरा घास पुढे केला आणि ते मिटलेलं तोंड हळूच उघडलं. सून तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. मीही हसलो, डोळे पुसत.

तिसरा घास सरांचा. तो त्यांनी तोंडात घेतला, पण गिळता येईना. गालांवरून नुसत्या धारा. सुधाकरराव तोंड उघडं ठेवून वाट पाहत होते.

"सर, गिळा हो," मी म्हटलं, "ते थांबलेत."