नानांचा इंटरनेटवरचा नाका

नाना समोरच्याचं नाव कधीच आधी विचारत नसत. आधी गाव. "कुठनं आलास?" हा पहिला प्रश्न, "कुणाचा?" हा दुसरा, आणि दोन्ही उत्तरं पटली तरच पाणी. भिवंडीजवळ दापोड्यात आमची भाड्याची गोदामं आहेत, तिथल्या ऑफिसात एकदा विमा विकायला एक टायवाले गृहस्थ आले होते. नानांनी त्यांना पणजोबांच्या गावापर्यंत मागे नेलं. बिचारे विमा न विकताच गेले.

त्यात नानांचा दोष नव्हता. त्यांची अख्खी नोकरी जकात नाक्यावर गेली. ट्रक थांबवायचा, कागद बघायचे, ताडपत्री उचलायची. कागदावर सूत आणि आत रेशीम निघालं की म्हणायचे, "कागद एक, माल दुसरा. घे बाजूला." निवृत्त झाल्यावर घरी कुणाची ताडपत्री उचलणार? म्हणून रोज सकाळी आमच्याकडे येऊन बसायचे. तसा त्यांचा हक्कही होता. आमचं चार नंबरचं गोदाम त्यांच्याच शेतावर उभं आहे. माझ्या वडलांना शेत विकताना नानांनी एकच अट घातली होती, बांधावरची चिंच तोडायची नाही. त्या चिंचेपायी गोदामाचा मागचा कोपरा तिरपा बांधावा लागला. अजूनही नवा भाडेकरू आला की डोकं खाजवत विचारतो, "ये कोना ऐसा क्यूं है?"

शेत विकण्यावरून त्यांचा धाकटा भाऊ मधू बिथरला. सही केली, पण "आता चिंचपन तोडशील आनि तिथं संडास बांधशील," असं तोंडावर बोलून मस्कतला ड्रायव्हरकीला गेला. अटीचं सांगायला नानांनी तोंड उघडलं नाही. मानी माणूस. "मी काय त्याच्या पाया पडू?" असं म्हणायचे, आणि दर वर्षी चिंच झोडपली की मीठ लावून दोन बरण्या भरायचे. एका बरणीतली चिंच मला मागेन तेव्हा मिळायची. दुसरीला हात लावला की फटका.

त्या सुमारास ब्रॉडबँड आलं आणि ज्याला त्याला वेबसाइटची हुक्की आली. आम्हीही काढली. प्रत्येक गोदामाचं एक पान, पानावर फोटो, खाली चौकशीसाठी रकाना. बनवली निजामपुऱ्यातल्या इम्रानने. त्याच्या दुकानात मागच्या पॉवरलूमच्या खडखडाटामुळे सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे तो आमच्या शांत ऑफिसातही ओरडूनच बोलायचा. महिन्याभरात त्या रकान्यात कचरा यायला लागला. औषधं, लॉटऱ्या, आफ्रिकेतल्या कुठल्याशा विधवेची इस्टेट. गोदाम कुणालाच नको होतं.

इम्रान आला आणि ओरडला, "देखो शेठ, जो भी आता है उसका एक नंबर होता है. आयपी बोलतात. तो इथे टाकायचा, शहर दिसतं. आवडला नाही तर ब्लॉक." त्याने एक नंबर टाकला. पडद्यावर दूरदेशच्या कुठल्या तरी शहराचं नाव उमटलं.

मागे नाना चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजे हा नाकाच हाय की," म्हणाले.

झालं. दुसऱ्या दिवसापासून खुर्ची त्यांची, कॉम्प्युटर त्यांचा. चष्मा कपाळावर, एका बोटाने आकडे टाकत. "ह्यो बघ, लागोसवाला. काय काम हाय तुजं गोदामात? घे बाजूला." रकान्यात त्यांनी 'गाव' ही जागा सक्तीची करून घेतली. लिहिलेलं गाव आणि नंबराचं शहर जुळलं नाही की "कागद एक, माल दुसरा", आणि माणूस बाद. पुण्याची एक चांगली पार्टी दिल्लीच्या हॉटेलातून चौकशी करत होती. ती गेली. मी कपाळावर हात मारून घेतला.

कळस म्हणजे एकदा त्यांना मुंबईचा एक नंबर दिसला. दिवसभर पानं उघडतोय, पुन्हा पुन्हा. "ह्यो टेहळणी करतोय," म्हणून नानांनी तो अडवला, आणि साइट बंद पडली. म्हणजे जगात चालू, आमच्याकडे बंद. इम्रान धावत आला. पाहतो तर नानांनी आमच्याच ऑफिसला अडवलं होतं. भिवंडीची लाइन मुंबईच्या नावावर दिसते, हे त्याने समजावलं. चूक झाल्याचं नानांना काही वाटलं नाही. अपमान झाला होता तो वेगळाच. "आमी कवापासून मुंबईचं झालो?" हे ते आठवडाभर म्हणत होते.

मग एके दिवशी मस्कत उमटलं.

नानांनी तो नंबर अडवला नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा मस्कत. त्याच्या पुढच्याही. आणि उघडायचं ते एकच पान, चार नंबरचं गोदाम. इम्रानने चक्क हळू आवाजात सांगितलं, "नाना, नंबर से शहर पता चलता है, आदमी नहीं." नाना म्हणाले, "शुक्रवारी सुट्टी, मस्कत, आनि माजंच शेत. नाक्यावर येवढ्यावर मी ट्रक वळकायचो."

नेमकी तेव्हाच परदेशातल्या नंबरांची साइटवर धाड पडायला लागली. दोनदा बंद पडली. भाडेकरूंचे फोन. इम्रान म्हणाला, बाहेरचे सगळे देश एकदम बंद करू, आपलं गिऱ्हाईक तसंही भारतातलं. मीही हो म्हणालो. ज्या माणसाने पुण्याच्या पार्टीला सोडलं नाही, तो माझ्यापुढे येऊन हात जोडून उभा राहिला. "सगळं बंद कर. मस्कतचं फाटक उघडं ठेव. त्याला वाटंल, मी तोंडावर दार लावलं." नानांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी इम्रानला तसं सांगितलं. मस्कत उघडं राहिलं.

मग त्यांनी आणखी एक हट्ट धरला. पानावरचा फोटो पुढून काढलेला होता, शटर आणि ट्रकचा उतार. नाना म्हणाले, मागून काढ, तिरपा कोपरा दिसला पायजे. "नाना, गिऱ्हाइकाला झाड कशाला दाखवायचं?" मी म्हणालो. "गिऱ्हाइकाला न्हायच दाखवायचं," नाना म्हणाले. फोटो चढला. त्यात गोदाम कमी आणि चिंच जास्त.

शुक्रवार आला. मस्कत आलं, पान उघडलं, आणि बराच वेळ उघडंच राहिलं. मग रकान्यात एक ओळ पडली. नाव नव्हतं, फक्त ईमेलचा पत्ता. मोडक्या इंग्रजी अक्षरांत मराठी: 'चिच तोडली न्हायस?' खाली सक्तीच्या जागेत गाव भरलं होतं. दापोडे.

नाना पडद्याजवळ सरकले. मला राहवलं नाही. "नाना, गाव दापोडे, नंबर मस्कतचा. कागद एक, माल दुसरा. घेऊ बाजूला?"

नानांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, मग काढून पुसला.

"कागद बरोबर हाय रं," म्हणाले. आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, उत्तर लिहायला बसले: 'न्हाय तोडली. तुजी बरणी भरून ठेवलीय.'