आधी गुटिका, मग पेला

जठरीं वसणाऱ्या अग्निनारायणास दंडवत घालून लिहिली हकीकत ऐसी जे, शके सोळाशें एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरीं, एके राज्यीं धनी द्राक्षमद्याचे आहारीं गेले. सांजवेळीं तळ्याकाठीं गादी घालावी, पाण्यावर धुकें उतरावें, आणि चार पेले जाहले म्हणजे वारलेल्या राणीसाहेब धुक्यांतून चालत येतात, ऐसें धन्यांस दिसे. मग पहांटे पोटांत आगडोंब आणि वांतींत रक्त. सुभानजी नामें धन्यांचें अन्नपान आधीं चाखणारा होता, त्याचा जीव धन्यांवर, तो हें पाहून तुटे. ते समयीं वैद्य गदाधरभट आले आणि आवळा, हळद व द्राक्षांच्या बिया यांची गुटिका करून बोलिले, "मद्याच्या ठिणग्यांनी पोटाचें अस्तर जळतें. गुटिका आधीं पोटांत असली तर ठिणग्या बऱ्याच विझतात. मागाहून उपयोग नाहीं." आज्ञा जाहली. परंतु शिरस्ता ऐसा कीं, औषध रोज चाखणाऱ्यानें गिळावें, आणि चार घटका तो धड राहिला तरच धन्यांस द्यावें. धुकें तों कोणासाठीं थांबतें? धनी पेला आधीं घेत, गुटिका मागाहून. मग सुभानजीच्या गालांवर लाली आली आणि धनी वाळून काष्ठ जाहले. भटजी कपाळ बडवून म्हणाले, "आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें! आणि आतां तर आभाळच फाटलें, ठिगळ कोठें लावूं?"

सुभानजीस अन्न गोड लागेना. दुसरे दिवशीं त्यानें पेला चाखला, थुंकला आणि म्हणाला, "महाराज, विष आहे."

तरवारी उपसल्या. धनी हंसले. "मग तूं कसा जिवंत?"

"मी गुटिका आधीं गिळतों म्हणोन. महाराज नुसतें हेंच पितात."

धन्यांनीं धुक्याकडे पाहिलें आणि हळूच पुसिलें, "हें टाकलें तर ती यायची कशी रे?"

सुभानजी म्हणाला, "महाराज, राणीसाहेबांचें ताटही मीच चाखत होतों. मला ठाऊक आहेत त्या."

धन्यांनीं पेला गवतांत ओतला, गादीवर सरकून जागा दिली आणि म्हणाले, "बैस. सांग."

एवंच, धनी पुढें बावीस वर्षें नांदले. लिहिणारानें राणीसाहेबांस पाहिलें नाहीं. परंतु त्यांस वरणांत मीठ कमी लागे, हें त्या राज्यांत आतां पोरेंही सांगतात.