द्वारा श्रीमती टिकली

मार्चच्या पहिल्या सोमवारी करंजखडी नगरपंचायतीत एक लेखी तक्रार आली. शिरूर-दौंड रस्त्यावरच्या या गावाला नगरपंचायत होऊन तीन वर्षं झाली होती आणि गटार, कचरा, नळ यांच्या तक्रारींचं काय करायचं नाही, हे कर्मचाऱ्यांना एव्हाना नीट ठाऊक झालं होतं. ही तक्रार मात्र नव्या जातीची होती. निवृत्त विस्तार अधिकारी तात्याबा यांनी लिहिलं होतं की, एसटी स्थानकाच्या मागच्या भिंतीला राहणारा हौशीराम नावाचा इसम, स्वतःला घर नसताना, कुत्री पाळतो. कुत्री भुंकत नाही, चावत नाही, घाण करत नाही. तथापि प्रश्न तत्त्वाचा आहे.

तात्याबांकडे स्वतःचं एक लॅब्रॅडोर होतं. ते गच्चीवर बांधलेलं असे आणि दिवसभर खाली रस्त्याकडे बघत बसे. त्याला घर होतं, त्यामुळे त्याच्याबद्दल तत्त्वाचा प्रश्न नव्हता.

मुख्याधिकारी पृथ्वीराज स्पर्धा परीक्षेतून आलेले होते. तत्त्व हा शब्द दिसला की ते खुर्चीत सावरून बसत. त्यांनी अर्जाच्या समासात हिरव्या शाईने लिहिलं, ‘बेघर व्यक्तीने श्वान पाळावे काय? स्थळपाहणी करून अहवाल सादर करावा.’ आणि अर्ज राजश्री या लिपिक बाईंकडे पाठवला. जन्म, मृत्यू आणि विवाह यांच्या नोंदी राजश्रीकडे होत्याच. गेल्या महिन्यापासून कुत्र्यांचे परवानेही तिच्याकडे आले होते.

हौशीराम साठीच्या पुढेमागे होता. कोरेगाव भीमाकडच्या एका कारखान्याच्या गेटवर त्याने एकोणीस वर्षं पहारा दिला. गेटशेजारी त्याला एक खोली होती. मग त्याच्या जागी कॅमेरा बसवला. कॅमेऱ्याला खोली लागत नव्हती, म्हणून खोलीही पाडली. खुटबावला त्याचं वडिलार्जित घर होतं, पण बायको गेल्यावर तो कित्येक वर्षं तिकडे फिरकलाच नव्हता आणि आता त्या जागी भावाचा गोठा होता. भाऊ ‘ये’ म्हणाला, पण गाईंची अडचण होती. गेटवर कपाळावर काळा ठिपका असलेली एक पांढरी कुत्री त्याच्याजवळ बसायची. ठिपक्यावरून तो तिला टिकली म्हणायचा. तो निघाला त्या दिवशी तीही निघाली. तिला कुणी कामावरून काढलं नव्हतं.

राजश्री पाहणीला गेली तेव्हा तो बिस्किटाचे दोन तुकडे करत होता. मोठा कुणाला द्यायचा हे ठरत नसल्याने त्याने पुन्हा मोडून चार केले.

“मामा, कुत्री तुमची का?”

“माझी म्हंजी, ती माझ्यासंगं असती,” हौशीराम म्हणाला. “मी बी तिच्यासंगं असतो.”

तुमची असेल तर परवाना काढावा लागेल, असं राजश्रीने सांगितलं. परवान्याला मालकाचा पत्ता लागतो. हौशीराम म्हणाला, हाय की पत्ता, स्टँडच्या मागं, रसवंतीच्या बाजूची भिंत. राजश्रीने लेखणी थांबवली.

“मामा, तो पत्ता नाही. ती जागा आहे.”

दोन्हींत फरक काय, हे त्याने विचारलं. तिने अहवालात ‘संबंधितास समज दिली’ असं लिहिलं.

पत्ता नाही म्हणून परवाना नाही. परवाना नाही म्हणून मालक नाही. मालक नाही म्हणजे कुत्री भटकी, आणि भटक्या कुत्र्यांसाठी नियम तयारच होता. गाडी आली, जाळं आलं. हौशीरामने सांगून पाहिलं की ती भटकत न्हाई, मी जिथं असतो तिथंच असती. गाडीवाल्याने त्याला समजावलं की भटकं असायला भटकावं लागत नाही. टिकलीला दौंडच्या बाजूला एका केंद्रावर नेलं, शस्त्रक्रिया केली, लस टोचली, कानाला खूण केली. ते चार दिवस हौशीराम भिंतीजवळून हलला नाही. आपण इकडंतिकडं गेलो आणि तिला नेमकं तेव्हाच सोडलं तर ती कुणाला शोधणार, अशी त्याला धास्ती होती. त्या चार दिवसांत त्याने बिस्किटाचा पुडा फोडला नाही.

पाचव्या दिवशी टिकली परत आली, आणि इथेच कामाला खरी सुरुवात झाली. भटकं कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं, असा नियम आहे. त्यामुळे टिकलीसोबत एक छापील प्रमाणपत्र आलं. त्यावर तिचा फोटो होता, नोंदणी क्रमांक होता आणि ‘मूळ अधिवास’ या रकान्यात एसटी स्थानकामागची भिंत अक्षांश-रेखांशासह लिहिलेली होती. या ठिकाणावरून सदर श्वानास हटवता येणार नाही, असं खाली ठळक अक्षरांत होतं.

पुढच्याच आठवड्यात त्या भिंतीचं सुशोभीकरण मंजूर झालं. तिथे करंजखडीवर प्रेम असल्याचं सांगणारी मोठी रंगीत अक्षरं बसणार होती. अतिक्रमण पथक आलं. कुत्रीला हलवता येणार नव्हतं, कारण तिच्याकडे कागद होता. हौशीरामला हलवता येत होतं. त्याला निवारा केंद्रात जायला सांगितलं. केंद्रात बारा खाटा होत्या आणि सगळ्या रिकाम्या होत्या, पण प्राण्यांना बंदी होती. हौशीरामने विचारलं, मी तिकडं गेलो तर हिचं कसं? पथकप्रमुख म्हणाले, तिची सोय झालेली आहे.

हौशीराम गेला नाही. तो कुत्रीला पाठीशी घेऊन भिंतीला टेकून बसला. ओरडला नाही, हात जोडले नाहीत, नुसता बसला. पथकाला ओरडणाऱ्यांची सवय होती. नुसत्या बसलेल्या माणसाचं काय करायचं ते त्यांना सुचेना. त्यांनी राजश्रीला फोन केला.

राजश्रीच्या मनातून बिस्किटाचे ते चार तुकडे गेले नव्हते. तिने परिपत्रकं चाळली. नोंदणीकृत श्वानास खाऊ घालण्यासाठी त्याच जागी राहणाऱ्या व्यक्तीची देखभालकर्ता म्हणून नेमणूक करावी, असं एका परिपत्रकात होतं. तिने हौशीरामचं नाव भरलं. संगणकाने पत्ता मागितला. त्या जागेवर नोंद असलेला पत्ता एकच होता. तिने तो भरला. द्वारा, टिकली. संगणकाने हरकत घेतली नाही. त्याला ते बाईचं नाव वाटलं. त्याने आपणहून आधी ‘श्रीमती’ लावलं.

या पत्त्यावर हौशीरामला रहिवासी दाखला मिळाला, आणि त्याच्या आधाराने शिधापत्रिकेचा अर्ज आपोआप पुढे गेला. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या ज्येष्ठ स्त्रीचं नाव येतं. घरात स्त्री एकच होती. वय पाच लिहिलं तर फॉर्म सरकेना. पशुवैद्यकांना विचारलं, तर त्यांनी कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, असं फोनवर सांगितलं. पस्तीस लिहिल्यावर फॉर्म सरकला. महिनाअखेरीस कार्ड आलं. कुटुंबप्रमुख, श्रीमती टिकली. अवलंबित, हौशीराम.

तात्याबांनी लगेच दुसरी तक्रार दिली. आता तत्त्वाचा प्रश्न उलटा झाला होता. घर असलेल्या कुत्रीने बेघर माणूस पाळावा काय?

मुख्याधिकारी पेचात पडले. कार्ड रद्द करायचं तर ते दिलं कसं हे सांगावं लागलं असतं, आणि सही त्यांचीच होती. त्यामुळे कार्ड बरोबर आहे असं धरून पुढे जाणं हाच मार्ग उरला. त्यांनी त्रिसदस्यीय समिती नेमली. ते स्वतः, पशुवैद्यक आणि जागरूक नागरिक या नात्याने तात्याबा.

समितीने तीन दिवस सकाळी भिंतीपाशी ठाण मांडलं. टिकली माणसाला उपाशी ठेवते का, मारते का, उन्हात बांधून ठेवते का, हे तपासलं. हौशीराम झोपलेला असताना ती त्याच्या पायांशी बसते आणि अनोळखी माणूस जवळ आला की उठून उभी राहते, याची नोंद घेतली. स्टँडवरच्या वडापाववाल्याने टाकलेला पाव तोंडात धरून तिने तो त्याच्याकडे आणला, हे पशुवैद्यकांनी स्वतः पाहिलं. तात्याबांनीही पाहिलं, पण ते म्हणाले की त्यांचा चष्मा घरी होता. अहवालात निष्कर्ष निघाला की सदर माणूस सुस्थितीत ठेवण्यात आलेला आहे. पाळण्यास हरकत नसावी. मात्र माणसाला वर्षातून एकदा लस टोचावी, दिवसातून दोनदा फिरवावं आणि ओळखीसाठी त्याच्या गळ्यात नोंदणी क्रमांकाचा बिल्ला असावा.

बिल्ला घेऊन राजश्रीच गेली. तिला तो त्याच्या गळ्यात घालवेना. हौशीरामने तिच्या हातून घेतला आणि स्वतःच घातला.

“वाईट नका वाटून घेऊ, मॅडम,” तो म्हणाला. “लई दिवसांनी कुणी इचारायला आलं, मी जेवतो का म्हणून.”

ही बातमी कुणीतरी फोटोसकट मोबाइलवर टाकली आणि ती पुण्यापर्यंत गेली. माणूस पाळणारी कुत्री बघायला गाड्या येऊ लागल्या. लोक टिकलीसोबत फोटो काढत. फोटोत हौशीराम येत असेल तर त्याला जरा बाजूला व्हायला सांगत, आणि तोही होत असे. तिच्यासाठी स्वेटर आले, हाडाच्या आकाराची बिस्किटं आली, एका बाईंनी गादी आणली. एवढ्या गुणी जिवाने उघड्यावर राहावं हे कुणाला बघवत नव्हतं. दत्तक घेण्यासाठी अर्ज सुरू झाले. कागदाप्रमाणे तिला हटवता येत नव्हतं, पण दत्तक देता येत होतं.

आता मुख्याधिकाऱ्यांना कायद्याची जाण दाखवणं भाग होतं. शिधापत्रिकेवरचं कुटुंब एक आहे, ते तोडता येणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. दत्तकाच्या फॉर्मवर दोन रकाने ठेवले. पहिला, श्वानाची व्यवस्था. दुसरा, अवलंबित व्यक्तीची व्यवस्था. दोनशे बारा अर्ज आले. राजश्रीने ते एकेक करून वाचले. पहिला रकाना सगळ्यांनी मन लावून भरला होता. वातानुकूलित खोली, अंगण, आठवड्यातून एकदा अंघोळ, वाढदिवस. दुसऱ्या रकान्यात एकशे नव्वद जणांनी ‘लागू नाही’ लिहिलं होतं, वीस जणांनी रेघ मारली होती. एकाने विचारलं होतं की हा रकाना भरणं बंधनकारक आहे का. उरलेल्या एका अर्जावर दुसऱ्या रकान्यात ‘होय’ असं लिहिलेलं होतं. तो अर्ज मंजूर झाला.

न्यायला आलेलं कुटुंब भलं होतं. गाडी मोठी होती, पण मागच्या सीटवर टिकलीची गादी अंथरली होती, त्यामुळे या फेरीत जागा नव्हती. अवलंबितांना नंतर नेऊ, असं त्यांनी सांगितलं. नियमाप्रमाणे कुटुंबप्रमुखाची संमती घेतली, म्हणजे तिचा पंजा शाईत बुडवून कागदावर टेकवला. अवलंबिताच्या संमतीचा रकाना नव्हता.

हौशीरामने टिकलीला उचलून गाडीत ठेवलं. ती इतर कुणाला उचलू देत नव्हती.

“थंडीत ती पाठीला पाठ लावून निजती,” तो त्या बाईंना म्हणाला. “तेवढी सवय हाय तिला. बाकी काय न्हाई.”

बाईंचे डोळे भरून आले. असं काही ऐकलं की त्यांना फार त्रास होतो, असं त्या म्हणाल्या. गाडी गेली. काच वर होती, तरी टिकलीचं भुंकणं चौकापर्यंत ऐकू आलं. तोवर ती भुंकते हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.

पंधरा दिवस कुणी परत आलं नाही. फोन केला तर घराचं काम काढलंय, पाहुणे आहेत, बघू, अशी उत्तरं आली. मग एके दिवशी हौशीराम कार्यालयात आला आणि राजश्रीच्या टेबलासमोर उभा राहिला. भिंतीवर अक्षरं बसली होती. त्याने एकच विचारलं. “मॅडम, आता माझा पत्ता कुठला?”

राजश्रीने संगणकात पाहिलं. कुटुंबप्रमुख नव्या घरी गेल्यावर कार्डही तिच्यामागे गेलं होतं. पुण्यातला एक बंगला, त्याचं नाव, गल्ली, पिनकोड आणि खाली, राहणार, हौशीराम. करंजखडी त्या महिन्यापासून बेघरमुक्त झाली होती आणि मुख्याधिकाऱ्यांचा त्यासाठी सत्कारही ठरला होता. तिने पत्ता एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि स्टँडपर्यंत त्याला सोडायला गेली. तो पुण्याच्या गाडीत बसला. खिडकीतून हात केला नाही. कागद दोन्ही हातांत धरलेला होता.

दत्तक घेणाऱ्या कुटुंबाचं नाव गोपनीय ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे ते इथे देता येत नाही. अशी भली कुटुंबं पुष्कळ आहेत, तुमचंही त्यांतलंच असेल. तेव्हा एवढंच सांगतो. तुमच्या फाटकाबाहेर साठीतला एक माणूस बसलेला दिसला, तर त्याला बेघर म्हणू नका. नोंदीप्रमाणे तो तुमच्याकडेच राहतो. मग रोज बाहेरच का बसतो, हे तुम्हाला जास्त चांगलं सांगता येईल.